'पुस्तकच बरं होतं' याच्या पुढचं बोलणं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी एक सिनेमा, वीस-बावीस माणसं. गेल्या महिन्यात 'बनगरवाडी' लावला, धनगरांच्या वस्तीत आलेल्या तरुण शाळामास्तराची गोष्ट. संपल्यावर दिवे लागले, मागून कोणीतरी म्हणालं, "पुस्तकच बरं होतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि दहा मिनिटांत खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. लोकांना सिनेमा आवडला नव्हता असं नाही, पण बोलता येईना. शिवाय जे आले नव्हते त्यांना अशा मागे पडलेल्या सिनेमांबद्दल सांगायला गेलं, तर ते "हो का?" म्हणतात आणि विषय संपतो. काय करावं?

मी निवृत्त शिक्षिका आहे. जिल्ह्याच्या गावात २७ वर्षं एक चित्रपट मंडळ चालवते. पहिली पाच-सहा वर्षं आमच्याकडेही अगदी असंच व्हायचं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी एक मान्य करू. 'पुस्तकच बरं होतं' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याने ते पुस्तक पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाचलेलं असतं. धनगरांची घरं, शाळेची खोली, मास्तर जातो ती वाट, सगळं त्याने स्वतःच्या मनात बांधलेलं असतं. पडद्यावर दुसऱ्याच कुणी बांधलेलं गाव दिसतं, आणि त्याला ते लागतं. पण 'मला लागलं' असं तो म्हणत नाही, तो निकाल देतो. निकाल लागला की कोर्ट उठतं. तुमच्याकडच्या खुर्च्या म्हणून उचलल्या गेल्या.

हा निकाल आपणच मागतो. 'कसा वाटला?' या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. मी तो प्रश्न विचारणं बंद केलं. आता मी विचारते: पुस्तकात ही गोष्ट कोण सांगत होतं, आणि सिनेमात ते काम कुणाकडे गेलं? माझ्या लेखी माध्यमांतराचा, म्हणजे पुस्तकावरून सिनेमा होण्याचा, गाभा हाच आहे. सांगणारा बदलतो. प्रसंग गाळले, पात्रं कमी केली, शेवट फिरवला, हे सगळं त्याच्या मागून येतं.

'बनगरवाडी'च घेऊ. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा, आणि पटकथा स्वतः माडगूळकरांची. म्हणजे ज्याने लिहिलं त्यानेच चाळीस वर्षांनी ते पडद्यासाठी पुन्हा मांडलं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तरी आज दहा जणांना विचारा, पुस्तक आठांनी वाचलेलं असतं आणि सिनेमा एखाद्याने पाहिलेला असतो, तोही अर्धा.

आमच्याकडे हा सिनेमा झाल्यावर मी विचारलं, "पुस्तकातला कारभारी कसा दिसतो?" सगळे एकदम बोलायला लागले. म्हातारा, धिप्पाड, मिशा, आवाज. मग विचारलं, "आणि मास्तर कसा दिसतो?" खोली शांत. कुणालाच सांगता येईना. सांगता येणार तरी कसं? कादंबरी 'मी'ने सांगितलेली आहे. राजाराम मास्तर सगळ्या गावाकडे बघतो, आपण त्याच्या डोळ्यांमागे बसलेलो असतो. वयाने लहान आहे एवढं कळतं, बाकी तो स्वतःबद्दल जवळजवळ काही सांगत नाही. आयबू, आनंदा रामोशी, काकुबा, रामा बनगर ही माणसं आपल्याला स्पष्ट दिसतात, कारण बघणारा स्वतः मध्ये येत नाही.

पडद्यावर मात्र पहिल्या दृश्यापासून मास्तर आपल्या समोर उभा. चंद्रकांत कुलकर्णींचा तो कोवळा, अंगाने बारीक मास्तर धनगरांच्या मध्ये दिसला, की पुस्तकात कधी न जाणवलेली गोष्ट जाणवते: हा पोरगा त्या गावात किती परका आहे, आणि किती एकटा. पुस्तकात त्याचं एकटेपण तोच सांगतो, म्हणून ते सौम्य होऊन येतं. सिनेमात ते आपण बाहेरून बघतो. आता मला सांगा, यात बरं कुठलं? प्रश्नच चुकीचा ठरतो. एकात आपण मास्तर असतो, दुसऱ्यात आपण बनगरवाडीतले कुणीतरी असतो आणि शाळेवर नव्याने आलेल्या या पोराकडे बघत असतो. हे ज्या क्षणी आमच्या चर्चेत एका पोस्टातल्या बाईंच्या तोंडून निघालं, त्यानंतर दीड तास कोणी उठलं नाही. तालमीचं बांधकाम, राजाचं येणं, दुष्काळ, मेंढरं मरणं, गाव उठून जाणं, एकेक प्रसंग या एका प्रश्नाने पुन्हा तपासून झाला. पुस्तकात दुष्काळ वाचताना मास्तरचं काय होणार ही काळजी आपल्याला असते. सिनेमात मोकळं माळरान समोर आलं की मास्तर त्यात लहानसा होतो आणि जमीनच मोठी होते. दोन वेगळी दुःखं आहेत ही.

'शाळा'च्या वेळी हेच दुसऱ्या बाजूने कळलं. मिलिंद बोकिलांची कादंबरी पूर्णपणे मुकुंद जोशीच्या डोक्यात घडते. नववीतला मुलगा, शिरोडकर नावाच्या मुलीवर जडलेला जीव, आणीबाणीचे दिवस, आणि मनातल्या मनात चाललेली ती अखंड बडबड. तो मोठ्याने बोलतो त्याच्या दसपट आत बोलतो, आणि कादंबरीची सगळी गंमत आतल्या बोलण्यात आहे. सुजय डहाकेंच्या २०१२ साली प्रदर्शित झालेल्या सिनेमाला ते आतलं बोलणं सगळं आणणं शक्य नव्हतं. बऱ्याच वाचकांना याचाच राग आला होता, आणि तो राग मला समजतो. पण आमच्या मंडळातली एक आई म्हणाली, "पुस्तकात शिरोडकर मला कधी भेटलीच नाही. जोश्याला दिसते तेवढीच दिसली. इथे तिचा चेहरा बघितला. तो तिच्याकडे बघत नसतो तेव्हासुद्धा ती आहे." शिरोडकर झालेल्या केतकी माटेगावकरच्या चेहऱ्याबद्दल त्या बोलत होत्या. ही फार मोठी गोष्ट आहे. 'मी'ने सांगितलेल्या कादंबरीत जिच्याकडे बघितलं जातं ती मुलगी बघणाऱ्याच्या ताब्यात असते. कॅमेरा तिला तिचा स्वतःचा चेहरा परत देतो. हा विचार त्या बाईंनी कुठल्या पुस्तकातून उचलला नव्हता, तो त्यांना त्या संध्याकाळी आमच्या त्या पंख्याखाली सुचला.

याच कादंबरीवर आधी, २००७ साली, 'हमने जीना सीख लिया' नावाचा हिंदी सिनेमा मिलिंद उके यांनी केला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो पाहिलेला एखादा तुमच्या गावात निघाला, तर त्याला आधी बोलू द्या.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तुम्ही ती कराल अशी मला धास्ती आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही 'कोंडुरा' लावला. चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी, श्याम बेनेगलांचा १९७८चा सिनेमा. मला खानोलकर अतिशय प्रिय, 'आरती प्रभू' या नावाने लिहिलेल्या त्यांच्या कविता तोंडपाठ. मी सिनेमाआधी पाऊण तास बोलले. वेंगुर्ल्याच्या बाजूचा किनारा, काळोख, समुद्राची गाज, त्यांच्या गद्यातलं भय, सगळं. मग सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर आंध्रातलं गाव. बेनेगलांनी गोष्ट उचलून तिकडे नेली होती, हिंदीत आणि तेलुगूत अशी दोनदा केली होती. तेलुगूत तिचं नाव 'अनुग्रहम'. माझे प्रेक्षक सिनेमाभर कोकण शोधत बसले. त्यांना ते मीच शोधायला लावलं होतं. नंतरच्या चर्चेत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू आलं: "आपलं कोकण कुठे गेलं?"

त्या संध्याकाळी बोलण्यासारखं बोलले ते एकच गृहस्थ, धरणांच्या कामावर आंध्रात बरीच वर्षं काढलेले अभियंता. त्यांनी खानोलकरांचं अक्षर वाचलेलं नव्हतं. ते म्हणाले, "या सिनेमातला जमीनदार मी पाहिलाय. देवळाचं काम काढलं की गावात कोण कुणाच्या पाया पडतं, तेही पाहिलंय." त्यांच्यासाठी तो सिनेमा जमीन आणि सत्ता यांच्याबद्दलचा होता. आम्ही वाचलेली कादंबरी एका माणसाच्या मनात उतरलेल्या देवाबद्दलची होती. त्या माणसाला गर्भ पाडणारी मुळी मिळते, ब्रह्मचर्याची अट पडते, आणि त्यातून सगळं उद्ध्वस्त होत जातं. पुस्तकात त्याला झालेलं दर्शन श्रद्धा, भास, वेड या तिन्ही अंगांनी वाचता येतं. शब्दांना ते जमतं. कॅमेऱ्यापुढे मात्र काहीतरी उभं करावंच लागतं, आणि ते उभं राहिलं की प्रेक्षक विचारतो, हे खरं की खोटं? त्या माणसाच्या भूमिकेत अनंत नागांनी चेहऱ्यावर ती संदिग्धता जपायचा फार प्रामाणिक प्रयत्न केलाय. सिनेमा पूर्ण जमलाय असं मला आजही वाटत नाही. पण तो कुठे अडतो ते नेमकं सांगता आलं, की खानोलकरांचं गद्य काय करत होतं तेही कळतं. हे मला त्या अभियंत्यांमुळे कळलं.

तेव्हापासून दोन नियम केले. सिनेमाआधी दोन मिनिटांच्या वर बोलायचं नाही. आणि ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी आधी बोलायचं, वाचलेल्यांनी नंतर. दुसरा नियम पाळणं फार अवघड जातं. वाचलेली माणसं अस्वस्थ होतात, मध्येच "पण मुळात काय आहे ना..." असं सुरू करतात. त्यांना प्रेमाने थांबवावं लागतं. थांबवा. न वाचलेला माणूस फक्त समोरच्या सिनेमाबद्दल बोलू शकतो, आणि चर्चेला पाया तिथेच मिळतो.

जागा बदलण्याबद्दल आणखी एक, कारण हल्लीच्या मुलांशी बोलताना हे उदाहरण फार उपयोगी पडतं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही मराठी कादंबरी २००६ची. पुण्यातलं घर, भाऊ तनय, बहीण अनुजा, आणि भाड्याने राहायला आलेला एक तरुण. दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. अर्धं पुस्तक तनय सांगतो, त्या गेलेल्या तरुणालाच 'तू' म्हणत. उरलेलं अनुजाच्या डायरीतून येतं. एकच माणूस दोघांच्या सांगण्यातून इतका वेगळा दिसतो की वाचताना आपण थबकतो. २०२२ साली नेटफ्लिक्सवर आलेला सिनेमा कोचीत घडतो, हिंदी-इंग्रजीत. पुणं गेलं, मराठी गेली. पण माझ्या मते त्याहून मोठा बदल असा की दोन आवाजांचा तराजू तनयच्या बाजूला कलला. अनुजा सिनेमात आहे, तिचं दुःख आहे, पण गोष्ट तिच्या ताब्यात नाही. आमच्याकडे या सिनेमावर बोलताना मी एका मुलाला तनयचं एक पान आणि एका मुलीला अनुजाचं एक पान मोठ्याने वाचायला दिलं. काही समजावून सांगायची गरज उरली नाही. त्या मुलीचा आवाज वाचता वाचता कापायला लागला, आणि 'सिनेमात हिचं एवढंच का?' हा प्रश्न तिनेच विचारला.

मोठ्याने वाचणं ही एक गोष्ट तुम्ही नक्की सुरू करा. पुस्तकातलं एकच पान, फार तर दीड. सिनेमा संपल्यावर, आधी नाही. 'बनगरवाडी'ची शेवटची पानं, गाव ओस पडतं ती, वाचा. ज्याचा आवाज साधा आहे त्याला वाचायला द्या, नाटकात काम करणाऱ्याला देऊ नका.

चर्चेच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दिवे लागल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, चहा प्यायचा. मग प्रत्येकाने एकच दृश्य सांगायचं, डोळ्यांसमोर राहिलेलं, का ते सांगायची सक्ती नाही. तारे, गुण, दहापैकी किती, हे आमच्याकडे बंद. आणि नटांच्या खासगी आयुष्याबद्दल कोणी बोलायला लागलं तर मी सरळ विषय बदलते.

ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं असं वाटतं, त्यांना आवाजाबद्दल विचारा. हे मला 'कुंकू'ने शिकवलं. ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी, तिच्यावरून प्रभात फिल्म कंपनीचा १९३७चा सिनेमा, दिग्दर्शन शांतारामबापूंचं, म्हणजे व्ही. शांतारामांचं. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं, त्या दृश्यातच निर्माण झालेलं. काकासाहेबांच्या दिवाणखान्यातलं घड्याळ आठवा. म्हाताऱ्या नवऱ्याचं सरत चाललेलं आयुष्य कादंबरीकार वाक्यात सांगतो, इथे ते काम घड्याळाने अंगावर घेतलंय. म्हणजे सांगणारा माणूसच असला पाहिजे असंही नाही. आमच्या मंडळात एक आजोबा होते, ऐकायला कमी यायचं. त्यांनी हे घड्याळ सगळ्यांच्या आधी पकडलं. "मला आवाज आला नाही," म्हणाले, "पण तो लंबक बघून मला माझे वडील आठवले."

आणि नावं. माध्यमांतरात नाव बदललं असेल तर चर्चा तिथूनच सुरू करा. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' सगळ्यांना माहीत आहे, स्मिता पाटील आणि सुरेश भटांच्या ओळी सगळ्यांच्या तोंडी आहेत. तो ज्या कादंबरीवरून आला ती शांता निसळ यांची, तिचं नाव 'बेघर'. इथे मागे पडलं ते पुस्तक, सिनेमा नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. या दोन नावांकडे जरा वेळ बघा. 'बेघर' हा त्या बाईवर बाहेरून मारलेला शिक्का आहे, घर नाही ती. 'उंबरठा' ही जागा आहे, जिच्यावर ती उभी आहे, आणि पाऊल कुठे टाकायचं ते तिच्या हातात आहे. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिताना काय केलं, हे या दोन शब्दांच्या अंतरात बरंचसं सापडतं. नाव बदललेलं आणखी एक घराणं जयवंत दळवींचं आहे: 'अंधाराच्या पारंब्या' ही कादंबरी, तिच्यावरून त्यांचं 'बॅरिस्टर' हे नाटक, आणि त्यावरून विजया मेहतांचा १९८६चा 'रावसाहेब' हा हिंदी सिनेमा. नाटकातली मावशी विजयाबाईंनीच केली होती आणि सिनेमातही त्यांनीच, त्यासाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. रंगमंचावर जी मावशी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची, तीच कॅमेऱ्यासमोर हातभर अंतरावर करायची. नाटक पाहिलेलं कुणी वडीलधारं गावात असेल तर त्यांना या सिनेमाला मुद्दाम बोलवा.

आता न आलेल्यांना सांगायचं कसं. इथे आपण सगळेच एक चूक करतो: 'दुर्लक्षित राहिलेली महान कलाकृती' असं म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपल्याला काहीतरी कडू औषध देतोय. दुर्लक्ष झालं ही त्या सिनेमाची व्यथा आहे, गुण नाही. मी आता सिनेमाबद्दल सांगताना एक दृश्य सांगते आणि त्यातलं न जमलेलं एक काहीतरी सांगते, बस. 'चक्र'बद्दल सांगायचं तर एवढंच: दळवींची कादंबरी मुंबईच्या झोपडपट्टीतली, रवींद्र धर्मराज यांचा १९८१चा हिंदी सिनेमा, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि दिग्दर्शक त्याच वर्षी गेले. त्यांचा हा एकच कथापट. एवढं सांगून मी म्हणते, काही जागी हा सिनेमा गरिबीकडे जरा जास्तच रोखून बघतो असं मला वाटतं, तुम्हाला तसं वाटतं का ते बघून मला सांगा. लोक बघतात. त्यांना कुणी मत विचारलेलं आवडतं.

एक तक्रार मात्र मनात आहे ती लिहितेच. यातले कित्येक सिनेमे आपण पाहतो ते धूसर, कडा कापलेल्या, आवाज फाटलेल्या प्रतींमधून. आमच्या पिढीने हे सिनेमे दूरदर्शनवर रविवारी दुपारी पाहिले, तेव्हाही पडदा लहानच होता. 'बनगरवाडी'तलं माळरान फिकट चौकोनात पाहून 'पुस्तकच बरं होतं' म्हणणाऱ्याने खरं तर सिनेमा पुरता पाहिलेलाच नसतो. तुमच्याकडची प्रत कशी होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. खराब असेल तर चर्चेआधी लोकांना तसं स्पष्ट सांगा, आणि आवाजासाठी एक चांगला स्पीकर मागून आणा. चित्र फिकट चालतं, माणसाचं बोलणं कळलं नाही तर प्रेक्षक गेला.

पुढच्या महिन्यासाठी माझं ऐकाल तर 'उंबरठा' लावा. तो सगळ्यांनी पाहिलेला असेल, तरी लावा. आणि त्याआधी तुमच्या वाचनालयाची जुनी दाखल नोंदवही काढून 'बेघर'ची प्रत आहे का ते बघा. कपाटात नसली तरी नोंद असेल, आणि नोंद असली तर गावात कुणाच्या तरी माळ्यावर पुस्तक असेल. सापडलं तर त्यातलं पहिलं पान वाचून दाखवायला ठेवा, आणि मला कळवा. आमच्या मंडळाची प्रत दोन वर्षांपूर्वी एकांनी नेली ती परत आलेली नाही, आणि या पावसाळ्यात मला ती पुन्हा वाचून दाखवायची आहे. मी एसटीने येऊन घेऊन जाईन.